बोलिंग लीगमधले सर्वांत चांगले बोलर कोण? यादी लावायची रीत

डेट्रॉइटच्या आसपास नोकरीला आलेला मराठी माणूस पहिल्या हिवाळ्यात दोनपैकी एक गोष्ट करतो. घरात बसून वजन वाढवतो, नाहीतर ऑफिसातल्या कुणाच्या तरी नादाने बोलिंग लीगमध्ये नाव घालतो. बोलिंग म्हणजे लांब लेनवरून जड बॉल घरंगळवून टोकाच्या दहा पिना पाडायच्या. लीग सप्टेंबरात सुरू होते, एप्रिलच्या सुमाराला संपते, दर आठवड्याला ठरलेल्या रात्री तीन गेम. डिसेंबर उजाडेपर्यंत कुणीतरी विचारतंच, आपल्यात सगळ्यात भारी कोण? आणि तुम्हाला एक्सेल येतं हे एकदा कळलं की ती यादी करायचं काम तुमच्याच गळ्यात पडतं.

माझ्या गळ्यात असंच पडलं. पहिल्या वर्षी मी सगळ्यांची ॲव्हरेज उतरत्या क्रमाने लावली, कागद छापला आणि काउंटरशेजारच्या फळ्यावर टाचला. अर्ध्या तासात एक निवृत्त गृहस्थ त्या कागदासमोर येऊन उभे राहिले. उभं आयुष्य डायमेकिंगमध्ये, म्हणजे कारखान्याचे साचे घडवण्यात गेलेलं, हजारांश इंचात विचार करणारे. त्यांनी एवढंच विचारलं, ‘हा पहिला आहे तो किती गेम खेळलाय?’ मी म्हटलं, नऊ. ते काही बोलले नाहीत, चष्मा खिशात घातला आणि बूट बदलायला गेले. मी कागद काढून घेतला.

पुढे चार हंगाम ही यादी करताना जे हाताला लागलं ते इथे देतो आहे. (गावी फोनवर ‘बोलर’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वानखेडे येतं. इथला बोलर दहा पिना पाडणारा. क्रिकेटच्या बोलरचं ॲव्हरेज जितकं कमी तितकं चांगलं, इथे बरोबर उलट.)

गुण कसे मोजतात ते आधी हातानं करून पाहा

स्क्रीन सगळं मोजून देतो, म्हणून कित्येक जण दोन-दोन वर्षं खेळतात आणि गुण कुठून आले ते त्यांना सांगता येत नाही. यादी करणाऱ्याला मात्र ते यायलाच हवं. एका गेममध्ये दहा फ्रेम, प्रत्येक फ्रेममध्ये दोन बॉल. पहिल्याच बॉलला दहाही पिना पडल्या तर स्ट्राइक. त्याचे दहा, शिवाय पुढच्या दोन बॉलना पडतील तेवढे. दोन बॉलमध्ये मिळून दहा पडल्या तर स्पेअर. त्याचे दहा, शिवाय पुढच्या एका बॉलचे. काही उरल्या तर ती फ्रेम ओपन, जेवढ्या पडल्या तेवढेच गुण. दहाव्या फ्रेममध्ये स्पेअर किंवा स्ट्राइक झाला तर हे पुढचे बॉल जादा मिळतात, म्हणून सलग बारा स्ट्राइक मारले की ३००, त्याच्या वर गुण नाहीत.

आता एका कागदावर दोन गेम मांडा. पहिल्यात एकही स्ट्राइक नाही. दर फ्रेमला आधी नऊ, मग उरलेली एक पिन, आणि शेवटच्या जादा बॉललाही नऊ. दुसऱ्यात एक आड एक स्ट्राइक, म्हणजे एकूण पाच, पण मधल्या प्रत्येक फ्रेममध्ये नऊ पाडून दहावी पिन सोडलेली. पाहणाऱ्यांच्या टाळ्या दुसऱ्याला मिळतात. गुण मोजा: पहिल्याचे १९०, दुसऱ्याचे १४०.

हे पन्नास पिनांचं अंतर डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

कुणाला धरायचं आणि कोणते गेम धरायचे

‘आपल्यातला सर्वांत चांगला’ म्हणताना ‘आपण’ म्हणजे कोण, हे कागदाच्या डोक्यावर लिहा. एकच लीग? एकाच सेंटरमधल्या सगळ्या लीग? की सेंटर कुठलंही असो, आपल्या मंडळातले सगळे? हा प्रश्न वरवरचा वाटेल, पण याच शहराला तो फार महागात पडलेला आहे. गाड्यांच्या कारखान्यांतल्या पाळ्यांवर इथली बोलिंग वाढली, आणि त्याच कारखान्यांतल्या काळ्या कामगारांना अमेरिकन बोलिंग काँग्रेसच्या अधिकृत लीगमध्ये प्रवेश नव्हता. १८९५ साली सुरू झालेल्या त्या संस्थेच्या नियमांत सभासद गोरा पुरुषच असावा अशी अट होती. म्हणून १९३९ साली डेट्रॉइटमध्येच काळ्या बोलरांनी आपली वेगळी राष्ट्रीय संघटना काढली. वाहन कामगारांच्या युनियनने आणि इतरांनी लावून धरल्यावर १९५० साली ती अट गेली. बायकांची संस्था तर २००५ पर्यंत वेगळीच होती. त्या वर्षी सगळ्या मिळून आजची युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस झाली. तेव्हा जुन्या फळ्यांवरची ‘शहरातले सर्वोत्तम’ ही यादी वाचताना तिच्यात कुणाला यायची परवानगी होती, हेही वाचावं लागतं. मी पुरुष, बायका, ज्येष्ठ असे वेगळे तक्ते करत नाही. एकच यादी, सगळ्यांची.

गेम धरताना मात्र चाळणी बारीक हवी. गैरहजर खेळाडूच्या नावावर लीग जे गुण लावते (बहुतेक ठिकाणी त्याच्या ॲव्हरेजमधून दहा वजा करून), ते त्याने खेळलेलेच नसतात, ते सोडा. बेकर पद्धतीचा गेम, म्हणजे पाच जणांनी फ्रेमा वाटून घेऊन मिळून खेळलेला एक गेम, कुणा एकाच्या नावावर टाकता येत नाही. मंडळाच्या सहलीत, बॉल लेनच्या कडेच्या गटारात जाऊ नये म्हणून बंपर लावून पोरांसोबत खेळलेले गेमही सोडा. हे सांगायला लागू नये, पण मला एकदा सांगावं लागलं आहे.

आणि दोरीच्या पिना. अनेक सेंटरं जुनी यंत्रं काढून, पिना दोरीला बांधलेल्या असतात ती नवी यंत्रं बसवत आहेत. त्यांना मेकॅनिक कमी लागतो. पण दोरीला बांधलेली पिन मोकळ्या पिनेसारखी उडत, लोळत दुसरीला जाऊन लागत नाही, त्यामुळे स्ट्राइक कमी पडतात. काँग्रेसने २०२३ साली दोरीच्या बोलिंगला मान्यता दिली ती स्वतंत्र प्रकार म्हणून, आणि त्याचं ॲव्हरेजही वेगळं ठेवलं. आपणही दोन्हींचे गेम एका रकान्यात मिसळू नयेत.

ॲव्हरेजवर कधी विश्वास ठेवायचा

एकूण पिना भागिले गेम, अपूर्णांक सोडून द्यायचा. ४५ गेममध्ये ७,५८३ पिना असतील तर ॲव्हरेज १६८. हे गणित लीगच्या दर आठवड्याच्या स्टँडिंग शीटवर छापूनच येतं, तुम्हाला करावं लागत नाही. तुम्हाला करायचं ते पुढचं.

एकच माणूस सोमवारी २१५ मारतो आणि त्याच रात्री पुढच्या गेमला १६२. हा चढउतार एक्सेलमधल्या स्टँडर्ड डेव्हिएशनच्या सूत्राने काढा. समजा तो २५ पिनांचा निघाला. त्याला गेमसंख्येच्या वर्गमुळाने भागलं की ॲव्हरेज किती ढिलं आहे ते कळतं. ९ गेमनंतर आठेक पिनांची ढिलाई, ३६ गेमनंतर चारेक, ८१ नंतर तीनेक. म्हणजे माझ्या पहिल्या यादीतला तो नऊ गेमवाला १९६ वर होता, तो खरोखर १८८ चा असू शकत होता आणि २०४ चाही. डायमेकर गृहस्थांना वर्गमूळ काढावं लागलं नव्हतं, नऊ हा आकडाच पुरेसा होता.

काँग्रेसच्या वार्षिक ॲव्हरेज यादीला किमान २१ गेम लागतात. प्रवेशासाठी ते ठीक आहे, क्रमवारीसाठी मला अपुरं वाटतं. मी लीगच्या एकूण गेमचे दोन तृतीयांश धरतो: तीस आठवडे गुणिले तीन म्हणजे नव्वद, त्यातले साठ. त्याहून कमी खेळलेल्यांची नावं खाली वेगळी, क्रमांकाविना. हंगामाच्या मध्याला यादी करायची तर तोवर झालेल्या गेमचे दोन तृतीयांश.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. दीड-दोन पिनांच्या फरकावर कुणाला वर आणि कुणाला खाली ठेवणं खोटेपणाचं आहे. मी पायऱ्या करतो. सर्वांत वरचा घ्यायचा, त्याच्यापासून चार पिनांच्या आत जे आहेत ते सगळे पहिल्या पायरीवर. त्याबाहेरचा जो पहिला येईल तो दुसरी पायरी सुरू करतो. २०१, १९९, १९८ एका पायरीवर. १९४, १९१ दुसऱ्या. १८८ पासून तिसरी. दर वेळी पायरीच्या डोक्यापासून मोजायचं, शेजाऱ्यापासून नाही. नाहीतर तीन-तीन पिनांनी घसरत आख्खी लीग एकाच पायरीवर येऊन बसते.

स्पेअरचा रकाना

एकाच पायरीवरच्यांत वरखाली लावायचं कशावर? बहुतेक जण म्हणतील सर्वांत मोठा गेम. मी म्हणतो, एकट्या पिनेचे स्पेअर.

मोठा गेम ही एका रात्रीची गोष्ट आहे. २७९ मारलेल्या माणसाचं कौतुक करा, त्याच्याकडून काहीतरी खायला घ्या, पण त्यावर क्रमांक देऊ नका. स्ट्राइकमध्ये नशीब बरंच असतं. बॉल पुढच्या पिनेच्या भलत्याच बाजूने घुसूनही सगळ्या पडतात, त्याला इथे ‘ब्रुकलिन’ म्हणतात, आणि गुणपत्रिकेवर त्याची फुली चांगल्या स्ट्राइकसारखीच दिसते. उलट अगदी हवा तिथे लागलेला बॉल कोपऱ्यातली दहा नंबरची पिन उभी ठेवून जातो. आता ती एकटी पिन घ्यायची. तिथे नशिबाचा हात नाही, फक्त तुमचा. चुकलात की दहा-अकरा पिनांचं नुकसान, आणि मघाचं १९० विरुद्ध १४० हे गणित असंच तयार होतं.

मोजायची रीत सोपी पण किचकट आहे. स्टँडिंग शीटवर फक्त गेमचे आकडे असतात, फ्रेमा नसतात. अनेक सेंटरांच्या स्कोअरिंग यंत्रातून फ्रेमवार उतारा छापून किंवा मेलवर मिळतो, काउंटरवर विचारा. नसेल तर खेळ संपताच स्क्रीनचा फोटो काढा. स्क्रीनवर फ्रेमा पुसायच्या आत काढायचा, नंतर हळहळून उपयोग नाही. मग प्रत्येकासाठी दोनच आकडे: पहिल्या बॉलला नऊ पडले अशा फ्रेमा किती, आणि त्यांपैकी तिरकी रेघ, म्हणजे स्पेअर, किती. दुसऱ्याला पहिल्याने भागा. आठ पडून दोन उरल्या तर त्या शेजारी आहेत की दोन टोकांना, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. आठाभोवती गोल असेल तर स्प्लिट, म्हणजे उरलेल्या पिना एकमेकींपासून लांब. सात आणि दहा नंबरच्या पिना दोन टोकांना उभ्या राहिल्या तर ते कुणाचंच जमत नाही. जमलं तर त्याला क्रमवारी लागत नाही, फोटो लागतो. म्हणून मी नऊवरच थांबतो.

दहाव्या फ्रेमशी जपून. तिथे स्पेअर किंवा दोन स्ट्राइक झाल्यावर जो शेवटचा बॉल मिळतो, त्याला नऊ पडले तर दहावी पिन घ्यायला पुढे बॉलच नसतो. ती संधी धरायची नाही. पण दहाव्यात आधी एक स्ट्राइक, मग नऊ, मग एक असं असेल तर ती पुरती संधी आहे, धरायची.

पन्नासाहून कमी संधी असतील तर टक्केवारी छापू नका. व्यावसायिक खेळाडू नव्वदच्या वर असतात. आमच्यासारख्या लीगमध्ये ऐंशीच्या वर गेलेला माणूस मी डोळे मिटून संघात घेईन. नव्याने आलेल्यांची अडचण बहुधा हातापेक्षा बॉलची असते: वळणारा बॉल कोपऱ्यातल्या पिनेवर टाकायला जातात आणि तो ऐन वेळी आत वळतो. त्यासाठी साधा प्लॅस्टिकचा, सरळ जाणारा बॉल घ्या. पहिली खरेदी तीच असावी, बुटांच्या खालोखाल.

तेल, जे दिसत नाही

लेनवर तेल असतं हे मला पहिले तीन महिने माहीत नव्हतं. फाउल लाइनपासून, म्हणजे जिच्यापुढे पाय टाकायचा नाही त्या रेघेपासून, पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट, त्यातल्या साधारण पहिल्या चाळीस फुटांवर यंत्राने तेल घातलेलं असतं, पुढचं कोरडं. रोजच्या लीगला जो नमुना घालतात, त्याला हाऊस शॉट म्हणतात, त्यात मध्ये तेल जाड आणि कडांना पातळ असतं. बॉल जरा बाहेर गेला तर कडेच्या कोरड्यावर पकड घेऊन आत येतो; जरा आत गेला तर जाड तेलावर घसरत सरळ राहतो. थोडक्यात, हाऊस शॉट चूक पोटात घालतो. स्पर्धांच्या अवघड नमुन्यांत कडेलाही तेल भरपूर असतं, तिथे चूक चूकच राहते. हाऊस शॉटवर दोनशेच्या घरात असलेला बोलर तिथे वीसेक पिनांनी खाली आलेला मी पाहिला आहे, आणि १८५ वाला जेमतेम पाचांनी.

म्हणून दोन सेंटरांतले आकडे थेट शेजारी मांडू नका. दोन्हीकडे खेळणारे बोलर शोधा. समजा असे दहा जण आहेत आणि त्यांचं मिळून ॲव्हरेज एकीकडे १७६, दुसरीकडे १६८. मग दुसऱ्या सेंटरच्या सगळ्या बोलरांना आठ पिना मिळवून घ्या आणि तसं कागदावर लिहा. सामाईक बोलर तीन-चारच असतील तर हा उद्योग करू नका, दोन याद्या ठेवा.

तेल रात्रभर जागेवरही राहत नाही. बॉल ते उचलतात, पुढे ओढतात, आणि तिसऱ्या गेमपर्यंत लेन वेगळीच झालेली असते. यावरून मला आवडणारा एक रकाना निघतो: वर्षभरातल्या तिसऱ्या गेमचं ॲव्हरेज वजा पहिल्या गेमचं. ज्याला लेन वाचता येते तो दोन पावलं सरकतो, बॉल बदलतो, आणि त्याचा तिसरा गेम पडत नाही. वीस रात्रींपेक्षा कमी असतील तर हा आकडा काढू नका. आणि काढलात तरी क्रमांक ठरवायला वापरू नका, नुसता शेजारी छापा. तिसरा गेम पडण्याची कारणं तेलाखेरीजही असतात, त्यातली काही काउंटरवर ग्लासात मिळतात.

डावखुऱ्यांबद्दल कुरकुर ऐकाल. ते लेनच्या दुसऱ्या बाजूने खेळतात, तिकडे गर्दी कमी, त्यामुळे तेल जास्त वेळ टिकतं. खरं आहे. त्यासाठी त्यांचे गुण कापू नका.

हँडिकॅप या यादीत नको

हँडिकॅप म्हणजे कमी ॲव्हरेजवाल्याला मिळणाऱ्या जादा पिना. एक नेहमीची पद्धत २२० मधून ॲव्हरेज वजा करून त्याच्या ९० टक्के: १५० वाल्याला ६३, २०० वाल्याला १८. मिळवल्यावर २१३ आणि २१८, म्हणजे चांगल्याला तरीही पाच पिनांचा वरचष्मा. संघांच्या सामन्यांसाठी ही व्यवस्था उत्तम आहे, कारण तिच्यामुळे नवशिक्या माणसाचाही संघाला उपयोग होतो. पण ‘सर्वांत चांगला कोण’ हा प्रश्न ती मुद्दाम पुसून टाकते, तिचं कामच ते आहे.

हँडिकॅप बाहेर ठेवायला आणखी एक कारण आहे, आणि ते मला उशिरा कळलं. काही जण निकाल लागून गेलेल्या गेममध्ये मुद्दाम पिना सोडतात, ॲव्हरेज खाली ठेवतात आणि हंगामाच्या शेवटी बक्षिसाच्या रात्री जादा पिना घेऊन बसतात. सँडबॅगिंग म्हणतात त्याला, आणि ते नियमात बसत नाही. आता मान निव्वळ ॲव्हरेजच्या यादीत आणि पैसा हँडिकॅपमध्ये, अशी विभागणी झाली की अशा माणसाला दोन्ही मिळत नाहीत. फळ्यावर आपलं नाव बायकोपोरांसमोर सातव्या पायरीवर पाहणं बऱ्याच जणांना बक्षिसापेक्षा महाग पडतं.

कागद टाचताना

वर सेंटरचं नाव, लीग, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे गेम. मग पायऱ्या. प्रत्येक नावापुढे ॲव्हरेज, खेळलेले गेम, नऊच्या संधी, त्यातले स्पेअर, टक्केवारी. पायरीच्या आत टक्केवारीने उतरता क्रम. खाली कमी गेमवाल्यांची नावं. नियम चार ओळींत तळाशी, आणि ते हंगाम सुरू व्हायच्या आधी लीगच्या बैठकीत सांगून ठेवलेले. मध्येच बदलायचे नाहीत, तुमचा जवळचा मित्र एका गेमने वगळला जात असला तरी. वर्षातून दोन याद्या पुरतात, एक नाताळच्या सुट्टीआधी आणि एक शेवटच्या रात्री. दर आठवड्याला लावलीत तर लोक खेळणं सोडून फळा बघत बसतात.

टाचण्याआधी दोघा-तिघांना स्वतःच्या ओळी तपासायला द्या. मी गेल्या एप्रिलमध्ये दिल्या होत्या. डायमेकर गृहस्थांनी आपली ओळ घरी नेली आणि पुढच्या आठवड्यात मागच्या बाजूला पेन्सिलने आकडेमोड करून परत आणली. त्यांचे शंभर संधींत ८४ स्पेअर मी लिहिले होते. त्यांचं म्हणणं, फेब्रुवारीतल्या एका गेमच्या दहाव्या फ्रेममध्ये शेवटच्या बॉलला नऊ पडले होते, तो तुम्ही सुटलेल्या स्पेअरमध्ये धरलात. मी फोटो काढून पाहिला. धरला होता. ९९ संधींत ८४ केलं, ८४ टक्क्यांचे ८५ झाले. जागा तीच राहिली, पहिल्या पायरीवर तिसरी.